सुटं होतं ते वाचलं

26 जानेवारीला पहाटे उठायची सवय शाळेनं लावली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, प्रभातफेरी, झेंडावंदन आणि परतताना रद्दीच्या कागदात बांधलेली जिलेबी. यंदाही त्या दिवशी पहाटे उठलो, पण ओसाकात, भाचीच्या घरी, आणि अंगावर एकावर एक तीन स्वेटर चढवून.

"मामा, होर्युजी बघायचंच आहे तर आजच चला," ती म्हणाली. "आज त्यांच्याकडे आगीचा दिवस असतो."

होर्युजी हे नाराजवळचं जुनं बौद्ध देऊळ. आगीचा दिवस म्हणजे काय, ते ओसाकाच्या तेन्नोजी स्टेशनातून सुटलेल्या गाडीत कळलं. 1949 साली याच तारखेला पहाटे होर्युजीच्या मुख्य मंदिराला, ज्याला तिथं कोन्दो म्हणतात, आग लागली आणि त्याच्या भिंतींवरची साडेबाराशे वर्षांची चित्रं होरपळून गेली. 1955 पासून सगळ्या जपानात 26 जानेवारी हा जुन्या ठेव्यांना आगीपासून जपण्याचा दिवस म्हणून पाळतात. देवळादेवळांत बंब येतात, नळ्या उलगडतात, पाणी मारून बघतात. होर्युजीत त्याआधी भिक्षू जळालेल्या चित्रांसाठी प्रार्थना करतात.

मला ते भिंतीचं वर्षश्राद्धच वाटलं. आपल्याकडे पानाला कावळा कधी शिवतो याची वाट बघतात, इथं बंबाची. हसू नका, मी तिथं उभा राहून हसलो नाही. मंत्र संपले, थोड्या वेळानं हेल्मेटवाले धावत आले, आणि त्या थंडीत पाण्याचा पांढरा फवारा पाइनच्या झाडांच्या वर चढला. शेजारी उभ्या एका आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती. पाणी बंद झाल्यावर त्यांनी ती परत घातली.

कोन्दोत आपण मोकळं हिंडू शकत नाही. जाळीतून आत बघायचं. अंधारात ब्राँझची शाक्यमुनींची मूर्ती, दोन्ही बाजूंना बोधिसत्त्व. या मूर्तींवर 623 सालचा लेख आहे. भिंतींवर चित्रं दिसतात ती नकला. 1967-68 मध्ये जपानच्या त्या वेळच्या नामवंत चित्रकारांनी मिळून काढलेल्या. मी पश्चिमेच्या भिंतीकडं मान वाकडी करकरून बघत होतो, तेव्हा भाचीनं फोनवर आगीच्या आधीचा फोटो काढून समोर धरला. अमिताभ बुद्धाच्या स्वर्गाचं चित्र, आणि बाजूला उभा अवलोकितेश्वर. किंचित कललेली मान, खाली झुकलेले डोळे, धनुष्यासारख्या भुवया, बोटांची ती नाजूक ठेवण.

"हा तर आपला," मी म्हणालो.

"मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार," ती म्हणाली.

माझं गाव जामनेर तालुक्यातलं. अजिंठा आम्हाला जगप्रसिद्ध वगैरे कधी वाटला नाही; सहल न्यायला पैसे नसले की मास्तर तिथं न्यायचे. पहिल्या लेण्यात पहारेकरी टॉर्चचा झोत पद्मपाणीच्या, म्हणजे याच अवलोकितेश्वराच्या, चेहऱ्यावर टाकायचा, आणि आम्ही पोरं त्या झोतात हाताच्या सावल्या पाडून शिव्या खायचो. तो चेहरा असा कित्येकदा अर्ध्या मिनिटापुरता पाहिलेला. आता तिकडं फर्दापूर फाट्यावर गाड्या सोडून बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं, आत मंद दिवे आहेत. अजिंठा-वेरूळच्या त्या सगळ्या कामाला कर्ज जपाननं दिलं हे मला फार उशिरा कळलं.

अजिंठ्याचा पद्मपाणी पाचव्या शतकातला, होर्युजीचा त्यानंतर दोनेकशे वर्षांनी रंगवलेला. मधे मध्य आशिया आणि चीन. एका चित्रकारानं दुसऱ्याचं बघून काढलं असं कुणी म्हणत नाही. पण हात एका घराण्याचे आहेत हे बघणाऱ्याला कळतं. आणि भिंतीही. अजिंठ्यात खडकावर माती, तूस आणि शेण यांचा गिलावा आहे. होर्युजीत खडक नाही, तिथं लाकडी चौकटीत पेंढा घातलेल्या मातीची भिंत आणि वर पांढऱ्या मातीचा लेप. माझी आजी दर दिवाळीच्या आधी गव्हांडा घालून चिखल तुडवायची आणि भिंतींचे पोपडे बुजवायची. जगातली इतकी थोर चित्रं आजीच्या भिंतीवर काढलेली आहेत, हे मला दोन्हीकडं कुणी सांगितलं नव्हतं.

आता आगीची गोष्ट, कारण ती नुसती दुर्दैवाची नाही, ती जरा चमत्कारिक आहे.

1934 पासून होर्युजीची मोठी दुरुस्ती सुरू होती. चित्रांचे रंग विटत चालले होते, म्हणून 1935 मध्ये क्योटोच्या एका छापखान्यानं प्रत्येक भिंतीचे तुकड्यातुकड्यानं खऱ्या आकाराचे फोटो काढले, साडेतीनशेहून जास्त काचेच्या प्लेट्स. मग 1940 मध्ये सरकारनं चित्रकार नेमले, हुबेहूब नकला काढून ठेवायला. अंधाऱ्या कोन्दोत रंग नीट दिसावेत म्हणून ट्यूबलाइट आणल्या. जपानात ट्यूबलाइट पहिल्यांदा कामाला लागली ती इथंच, असं सांगतात. युद्ध आलं, गेलं, काम रखडत चालू राहिलं. नाराचा हिवाळा, शेकोटी पेटवायची सोय नाही, लाकडी देऊळ. बसून बसून गारठणाऱ्या चित्रकारांसाठी विजेवर तापणाऱ्या बसायच्या गाद्या आल्या. 26 जानेवारीच्या पहाटे आग लागली तेव्हा सगळ्यात जास्त संशय याच गादीवर गेला. बटण चालू राहिलं असावं. कारण छातीठोकपणे सिद्ध शेवटपर्यंत झालं नाही, पण चित्रं वाचवायला आलेल्या माणसांच्या उबेनं चित्रं गेली, ही शक्यता जपानी लोकांना फार लागली. ऐंशी ओलांडलेले मुख्य भिक्षू आगीत शिरायला निघाले होते, त्यांना लोकांनी धरून ठेवलं.

पुढच्याच वर्षी, 1950 च्या मे महिन्यात, सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. आज जपानात देवळं, मूर्ती, किल्ले, इतकंच काय नाट्यपरंपरा आणि कारागिरीसुद्धा ज्या कायद्याखाली येतात, तो हाच. अंमल ऑगस्टपासून. मधल्या जुलैत क्योटोचं सोन्याचं मंदिर, किन्काकुजी, तिथल्याच एका शिकाऊ भिक्षूनं पेटवून दिलं. कायदा झाला होता, लागू व्हायचा होता. सरकारी काम सगळीकडं सारखंच.

नकलांचं दुर्दैव मात्र जपानपुरतं नाही. ते थेट आमच्या अजिंठ्यापासून सुरू होतं. रॉबर्ट गिल नावाचा फौजी अधिकारी 1844 पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला काढत राहिला. त्या लंडनला गेल्या आणि 1866 च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून तेरा वर्षं हिवाळ्याहिवाळ्याला येऊन नव्यानं काढत बसले. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला ठेवल्या. 1885 मध्ये तिथं आग लागली, शंभरावर नकला गेल्या. तिसरी पाळी जपानी माणसाची. चित्रकार काम्पो आराई 1916 मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून कोलकात्याला आला, आणि तिथून अजिंठ्याला येऊन त्यानं नकला काढल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. 1923 चा भूकंप झाला, शहर पेटलं, नकलाही पेटल्या.

हाच आराई पुढं म्हातारपणी होर्युजीच्या नकलांच्या कामावर नेमला गेला. म्हणजे दोन्ही अवलोकितेश्वरांसमोर ब्रश घेऊन बसलेला माणूस. 1945 मध्ये कामावर जायला निघाला आणि वाटेतच गेला. पुढची आग त्यानं बघितली नाही, बरं झालं. मला या माणसाबद्दल विचारायचं असं खूप आहे, पण कुणाला विचारणार? फर्दापूरच्या ओढ्याचं पाणी तो पीत असेल. त्या काळी त्या खोऱ्यात हिवतापाची काय कमी.

मग होर्युजीत वाचलं काय? इथं मला अडकायला होतं. कारण त्याचं उत्तर साधं आहे आणि डोक्यातून जात नाही. जे सुटं केलेलं होतं ते वाचलं.

दुरुस्तीसाठी कोन्दोचा वरचा मजला आणि छप्पर आधीच उतरवून ठेवलेलं होतं. मूर्ती हलवलेल्या होत्या. वरच्या लहान भिंतींवर उडणाऱ्या अप्सरांची 20 चित्रं होती, तीही काढून बाजूला ठेवली होती. हे सगळं धडधाकट राहिलं. जागेवर होतं ते खालच्या मजल्याचं आतलं अंग आणि 12 भिंती, ते जळालं. 1954 मध्ये दुरुस्ती पुरी झाली तेव्हा कोन्दोचा वरचा भाग जुन्या लाकडाचा आणि खालचे जळालेले खांब बदलून नवे, असा उभा राहिला. जळालेले खांब आणि भिंती फेकल्या नाहीत. राळ पाजून घट्ट केल्या आणि आवारातच एका आग न लागणाऱ्या इमारतीत, जशा होत्या तशाच जागी, पुन्हा उभ्या केल्या. रंग उडालाय, रेषा राहिल्यात. एरवी ती खोली बंद असते. सकाळचे मंत्र तिच्यासाठीच होते.

पण मुळात 1300 वर्षांची इमारत सुटी करताच कशी येते? आपण घर म्हटलं की पक्कं म्हणतो. सिमेंट, सळई, पक्कं. जपानी देवळाचा सुतार पक्कं करत नाही, तो अडकवतो. खाच आणि तिच्यात शिरणारं कुसू, वर पाचर. खिळे आहेत, पण भार खिळ्यांवर नाही. वेळ आली की पाचर ठोकून काढायची, तुळई उचलायची, कुजलेलं तेवढं बदलायचं, परत बसवायचं.

कोन्दोच्या भोवतीनं लाकडी ओवरी आहे. तिचे खांब मधे किंचित फुगीर आहेत, पोट सुटल्यासारखे. त्यांना हात लावता येतो, मी लावला. एका खांबाच्या अंगात तळहाताएवढा चौकोनी तुकडा बसवलेला होता, रंग जरा उजळ. शेजारच्या खांबाला कमरेच्या खाली असाच एक लांबट. पुढच्याला पायाशी सगळा बुंधाच बदललेला, आणि जुन्या-नव्या लाकडाचा जोड असा की नखसुद्धा जात नाही. ठिगळंच ती. पण भिंगातून रफू केल्यासारखी. नव्या तुकड्याच्या लाकडाची रेघ जुन्या लाकडाच्या रेघेला धरून गेलेली. मी एकेक ठिगळ मोजत गेलो आणि कितव्या तरी खांबाला मोजणं विसरलो. भाची मागं उभी राहून थंडीनं पाय आपटत होती.

या देवळाचा शेवटचा घराण्यातला मोठा सुतार त्सुनेकाझु निशिओका, 1908 चा जन्म, 1995 मध्ये गेला. आजोबा सुतार, वडील सुतार. आजोबांनी नातवाला शेतकी शाळेत घातलं. सुताराचा पोर शेतकी शाळेत! म्हाताऱ्याचं म्हणणं, झाड मातीतून येतं, आधी माती शिक. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नियम असा की लाकूड विकत घेऊ नये, डोंगर घ्यावा. डोंगराच्या दक्षिण अंगाचं झाड देवळाच्या दक्षिण बाजूला लावावं, उत्तरेचं उत्तरेला. झाडाला पीळ असतो. डावा पीळ उजव्या पिळाशी भिडवला की दोघं एकमेकांना धरून ठेवतात. हे लाकूड हिनोकीचं, एक प्रकारचा सायप्रस. कापल्यावर दोनेकशे वर्षं त्याची ताकद वाढत जाते, मग सावकाश उतरते. होर्युजीच्या मनोऱ्याच्या मधल्या खांबाच्या वर्तुळांवरून ते झाड 594 मध्ये तोडलं होतं असं निघालं. निशिओका सांगायचे की दुरुस्तीच्या वेळी छपरावरची कौलं आणि माती उतरवली की दबून वाकलेले वासे दिवसादिवसानं वर उचलले जातात. तेराशे वर्षांचे वासे. ओझं उतरल्यावर कणा सरळ करणाऱ्या हमालासारखे.

हेही सांगायला हवं की सगळं काही आदर्श नाही. नारातल्याच याकुशिजी देवळाचा पश्चिम मनोरा निशिओकांच्या हाताखाली 1981 मध्ये नव्यानं उभा राहिला, तेव्हा एवढे थोराड हिनोकी जपानात मिळेनात. लाकूड तैवानच्या डोंगरांतून आणावं लागलं. आपलं देऊळ टिकवायला दुसऱ्याचं जंगल. आणि 1868 नंतर शिंतो आणि बौद्ध वेगळे करण्याच्या सरकारी धोरणात याच देशात लोकांनी बुद्धमूर्ती फोडल्या, देवळांची लाकडं विकली. खुद्द होर्युजीनं 1878 मध्ये तीनशेवर मौल्यवान वस्तू राजघराण्याला दिल्या आणि बदल्यात मिळालेल्या 10,000 येनांवर दिवस काढले. जपण्याची सवय त्यांना जन्मजात नव्हती. नुकसान करून लागली.

हे सगळं मी इतकं का धरून बसलो, त्याला कारण आमचा वाडा.

वाडा म्हणजे काही सरदारी नव्हे. दोन खण, मधे चौक, वर पांढऱ्या मातीचं धाबं, आणि ओसरीला सागाचे आठ खांब. दगडी तळखडे, वर कोरलेले हात, त्यावर तुळई. वडील गेल्यावर भावाभावांत वाटणी झाली, जागेवर स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. खांबांचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता, जुन्या लाकडाचा व्यापारी फोनवर भाव सांगून मोकळा झाला. तो दोन माणसं घेऊन आला. मला वाटलं कुऱ्हाडी, पहारी, धूळ. तसं काहीच झालं नाही. त्यातला म्हातारा सुतार ओसरीत उकिडवा बसला, बराच वेळ वर बघत राहिला, मग लाकडी मोगरीनं एका जागी तीन टोले दिले. पाचर निघाली. दुसरी निघाली. तुळई अलगद सुटली. दीड दिवसात आठ खांब अंगणात आडवे, एकही फुटलेला नाही.

खांबांच्या कुसवांवर पटाशीनं पाडलेल्या रेघा होत्या. एक, दोन, तीन, फुली, फुलीवर टिंब. तुळईच्या खाचेतही त्याच. "पहिला खांब पहिल्या खाचेत," म्हातारा म्हणाला. "आमच्या लोकांनी लिहून ठेवलंय, परत उभा करायचा तर चुकायला नको." जपानी सुतारही असंच प्रत्येक लाकडावर त्याची जागा लिहून ठेवतात, हे होर्युजीला येण्याआधी भाचीनं मला वाचून दाखवलं होतं. शे-दीडशे वर्षांपूर्वी कुण्या खान्देशी सुतारानं आमच्या खांबावर तीच चिठ्ठी ठेवली होती. परत उभा करताना उपयोगी पडेल म्हणून.

म्हणजे आमचाही वाडा सुटाच होता. मी इतकी वर्षं समजत होतो की आपल्याकडं ती कारागिरी नव्हती. होती. खांब टेम्पोत चढले. व्यापाऱ्यानं ते पुण्याकडच्या कुठल्याशा रिसॉर्टला विकले असं कानावर आलं. तिथं ते उभे असतील, वर लोखंडी चॅनल आणि खाली स्विमिंग पूल. कुठल्या खाचेत कुठला, हे कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. म्हाताऱ्या सुतारानं जाताना एक पाचर माझ्या हातात दिली होती. गडद तपकिरी, एका अंगानं गुळगुळीत, वीतभर.

इसेबद्दल मला अगदी कोरडं कौतुक होतं, ते परतीच्या गाडीत बदललं. इसेचं शिंतो मंदिर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं बांधतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. 690 पासून सुरू आहे, मधे यादवीच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला, 2013 मध्ये 62 वी खेप झाली, पुढची 2033 मध्ये. मला वाटायचं, श्रीमंतांचा खेळ. पण मोडलेल्या मंदिराचं लाकूड कुठं जातं ते भाचीनं सांगितलं. आढ्याला आधार देणारे मोठे खांब तासून त्यांची तिथल्याच उजी पुलाच्या दोन टोकांची तोरणं करतात. तिथं ते 20 वर्षं उन्हापावसात उभे राहतात. मग तिथून काढून जुन्या यात्रामार्गावर, सेकीला आणि कुवानाला, आणखी 20 वर्षं. देवाघरचा खांब, मग पुलावर, मग रस्त्याच्या कडेला. प्रत्येक वेळी थोडा बारीक होत.

"तुमचे खांबसुद्धा गेलेच की कुठंतरी," भाची म्हणाली.

"हो, पण मला पत्ता माहीत नाही."

ती काही बोलली नाही. गाडी तेन्नोजीला पोचेपर्यंत फोनवर होर्युजीच्या भिंतीचा तो जुना फोटो बोटांनी मोठा करत राहिली. खूप मोठा केला की चेहरा जातो आणि नुसते तडे उरतात, चिखलाच्या भिंतीचे.

रात्री आईला फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. झेंडावंदन झालं का, जिलेबी आणली का, हे विचारून झाल्यावर मी म्हटलं, "आई, वाड्याची ती पाचर कुठंय गं? सागाची?"

"कुठली?"

"सुतारानं दिली होती बघ, खांबाची."

"ती होय," आई म्हणाली. "मागच्या दाराला लावलीय खालून. वारा सुटला की ते लोखंडी दार फार आपटतं."